नागपूरचा इतिहास वरून बघायचा असेल तर: हौशी ड्रोनवाल्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

नागपुरात ड्रोन हाती आला की पहिला मोह होतो सीताबर्डीच्या किल्ल्याचा आणि दुसरा दीक्षाभूमीच्या स्तूपाचा. दोन्ही सोडून द्या. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. सामान्य माणसाला तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशी, तोही पायीच बघता येतो. दीक्षाभूमी सोनेगावच्या विमानतळापासून फारच जवळ. महालात संघ मुख्यालयाच्या परिसरात पोलिसांनी याआधी ड्रोनला मनाईचे आदेश काढलेले आहेत. फुटाळ्याच्या बाजूला वायुसेनानगर, अंबाझरीकडे आयुध निर्माणी, कामठीला छावणी. एवढं वजा केलं की शहरात उडवायला जवळपास काही उरत नाही.

शहराबाहेर मात्र भरपूर उरतं, आणि खरं पाहता ड्रोनचा उपयोगही तिथेच जास्त होतो. जे जमिनीवरून कळत नाही आणि वरून एका नजरेत कळतं, म्हणजे दगडांची वर्तुळं, किल्ल्याचा तट, तलावाची पाळ, तेच ड्रोननं टिपण्यासारखं असतं. इमारतीचा दर्शनी भाग रस्त्यावरूनही छान येतो. म्हणून या लेखात उड्डाणं शहराबाहेरची आहेत, आणि शहरातल्या इतिहासासाठी जुने नकाशे आणि एक लांब काठी.

आधी हवाई नकाशा

ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे आकाशाचे लाल, पिवळा आणि हिरवा असे तीन पट्टे आहेत. ते डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर दिसतात. ढोबळ हिशेब असा: विमानतळाच्या हद्दीपासून ५ किमीपर्यंत लाल, ५ ते ८ किमी पिवळा, ८ ते १२ किमीत जमिनीपासून २०० फुटांपर्यंत हिरवा आणि त्यावर पिवळा. १२ किमीच्या पलीकडे ४०० फुटांपर्यंत म्हणजे १२० मीटरपर्यंत हिरवा, अर्थात मध्ये दुसरं संवेदनशील ठिकाण नसेल तर. लाल पट्ट्यात केंद्र सरकारची परवानगी लागते, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची.

अंतर विमानतळाच्या कुंपणापासून मोजायचं असतं, प्रवासी इमारतीपासून नाही. ही चूक फार जण करतात आणि दीड-दोन किमीनं फसतात. सीताबर्डी, महाल, इतवारी हा सगळा जुना भाग ८ किमीच्या आतच येतो.

नकाशा हिरवा दिसला म्हणजे झालं असं नाही. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं, मोठ्या नेत्यांचे दौरे असतात, तेव्हा पोलिसांचे तात्पुरते मनाई आदेश निघतात. ते हवाई नकाशावर दिसतीलच असं नाही. आदल्या दिवशी शहर किंवा ग्रामीण पोलिसांच्या सूचना बघा आणि गावात पोहोचल्यावर पोलीस पाटील किंवा सरपंचांना सांगून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे. नाहीतर अनोळखी माणूस शेतात ड्रोन उडवतो आहे म्हटल्यावर अर्धं गाव गोळा होतं.

ड्रोन, वजन आणि कागद

२५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ गटात येतो. २५० ग्रॅमच्या वर ते २ किलोपर्यंतचा ‘मायक्रो’. नॅनोला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रोलाही निव्वळ हौसेसाठी लागत नाही, पण पैसे घेऊन शूटिंग केलं की लागतं. गोम अशी की २४९ ग्रॅमच्या ड्रोनला जास्त वेळ चालणारी मोठी बॅटरी लावली किंवा पंख्यांभोवती गार्ड बसवले की तो २५० च्या पुढे जातो, आणि गटच बदलतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर बॅटरी, कार्ड आणि पंख्यांसकट वजन करून बघा.

ड्रोनची नोंदणी करून यूआयएन (ड्रोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) घ्या आणि तो क्रमांक ड्रोनवर लिहा. तयार ड्रोन परदेशातून आयात करायला ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. त्यामुळे ‘बिल नाही, पण माल ओरिजिनल’ म्हणणाऱ्या दुकानदाराकडून घेऊ नका. नोंदणीला बसलात की अडचण येते. नियम मोडल्यास दंड १ लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो.

सोबत घ्यायचं सामान: तीन बॅटऱ्या, पंख्यांचा एक जास्तीचा संच आणि त्याचा छोटा स्क्रू-ड्रायव्हर, उतरवण्यासाठी अर्ध्या मीटरची चटई, व्ही३० दर्जाचं ६४ जीबी कार्ड, ३० मीटरचा टेप, आणि जुन्या फ्लेक्सचे ६० सेंटिमीटरचे चार चौकोनी तुकडे, प्रत्येकावर रंगानं मोठी फुली मारलेली. ते कशासाठी, ते पुढे येईलच.

घरी बसून करायचं काम

कुठे उडवायचं हे शेतात उभं राहून ठरत नाही. आधी जुना नकाशा हवा. गावाच्या हद्दी आणि गट क्रमांकांसाठी महाभूनकाशा हे सरकारी संकेतस्थळ आहे, जुना गाव नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून मिळतो. १९६० च्या दशकातली अमेरिकन हेरगिरी उपग्रहांची ‘कोरोना’ छायाचित्रं आता खुली आहेत. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर आधी स्कॅन झालेली फुकट उतरवता येतात. नागपूरच्या आसपासची लेआउट पडण्याआधीची शेतं आणि नाले त्यांत दिसू शकतात.

हे सगळं क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक बसवा. त्यासाठी दोन्ही चित्रांत न हललेले सहा ते आठ बिंदू लागतात. रस्त्याचा कोपरा घेऊ नका, रस्ते रुंद झालेत. रेल्वेचा जुना पूल (नागपुरात रेल्वे १८६७ मध्येच आली), तलावाच्या पाळीचं टोक, देवळाच्या जोत्याचा कोपरा हे चांगले बिंदू. देवळाचा कळस नको, कारण तिरक्या चित्रात उंच वस्तू बाजूला कललेली दिसते. बिंदू चारी कोपऱ्यांत विखुरलेले हवेत. सगळे एका बाजूला घेतले तर दुसरी बाजू ३०-४० मीटरनं सरकते आणि मग नसलेला इतिहास दिसायला लागतो.

कुठे जायचं

जुनापाणी. काटोल रोडनं नागपूरपासून साधारण १०-१२ किमीवर लोहयुगातली दफनांची शिळावर्तुळं आहेत, तीनशेच्या घरात. इंग्रज अधिकारी रिव्हेट-कार्नाक यांनी एकोणिसाव्या शतकात इथे खोदकाम केलं होतं. जमिनीवर उभं राहिलं की झुडपांत पडलेले काळे धोंडे दिसतात, बस. वरून त्यांची वर्तुळं होतात आणि वर्तुळांचे गट दिसतात. ही जागा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात आहे, म्हणून ड्रोनसाठी सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाकडे लेखी अर्ज करा. ‘हद्दीबाहेरून उडवला’ ही पळवाट चालत नाही. अर्जात जागेचे अक्षांश-रेखांश, कमाल उंची, तारीख, वेळ, ड्रोनचा यूआयएन आणि चित्रांचा उपयोग स्पष्ट लिहा.

काही धोंड्यांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत. ते ड्रोनमधून टिपायच्या फंदात पडू नका. ४० मीटरवरून एक पिक्सेल जमिनीवरच्या दीड सेंटिमीटरएवढा असतो, त्यात तीन सेंटिमीटरचा खळगा म्हणजे दोन ठिपके. त्यासाठी दगडापाशी बसा, मोबाइल कॅमेरा दगडाच्या अगदी समोर धरा आणि दुसऱ्या हातातला टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका. खळगे एकदम उठून दिसतात. दिवसा करायचं असेल तर वर छत्री धरून सावली करा.

नगरधन. रामटेकजवळची ही वाकाटकांची नंदिवर्धन राजधानी मानली जाते. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिच्या नावाचा मुद्रांक इथल्या उत्खननात मिळाला. आज उभा दिसतो तो किल्ला बऱ्याच नंतरचा. इथेही परवानगी आधी. किल्ल्यापेक्षा भोवतालची शेतजमीन आणि मातीचे उंचवटे जास्त बोलके आहेत.

मामा तलाव. माझ्या मते हौशी माणसासाठी सगळ्यांत चांगला विषय हाच, आणि त्याकडेच कुणी वळत नाही. मामा म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) ताब्यात असलेले. पूर्व विदर्भात भंडारा-गोंदियाकडे हे तलाव शेकड्यांनी आहेत, रामटेक भागातही आहेत, आणि त्यांच्या बांधणीचं बरंचसं श्रेय कोहळी समाजाला जातं. रस्त्यावरून फक्त पाळीवरची झाडं दिसतात. शंभर मीटरवर गेलं की सगळी रचना उलगडते: उताराच्या बाजूनं वळवून घातलेली मातीची पाळ, एका टोकाला सांडवा, पाळीखालून निघणारे पाट, त्याखाली धानाच्या बांध्या आणि मधूनमधून छोट्या बोड्या (तळी). एकाच तलावाचं ऑक्टोबरात तुडुंब असताना आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी आटल्यावर, एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून चित्र घ्या. गाळ कुठे साचला आणि अतिक्रमण कुठवर आलं हे गाव नकाशाच्या हद्दीवर ठेवलं की लगेच कळतं.

पेंचच्या जंगलाकडे ड्रोन घेऊन जाऊ नका. वनखात्याच्या परवानगीशिवाय ते चालत नाही आणि प्राण्यांनाही त्रास होतो.

उड्डाण

दोन प्रकारची चित्रं लागतात आणि दोन्हींना वेगळा उजेड हवा. एकाच फेरीत दोन्ही उरकायला गेलात तर दोन्ही वाया जातात.

पहिली तिरकी चित्रं. गाडले गेलेले तट, भरलेले खंदक, हातभर उंचीचे उंचवटे हे सगळं लांब सावलीत दिसतं. डिसेंबर-जानेवारीत सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो. सव्वासात ते साडेआठ ही वेळ धरा. उंची ६० मीटर, कॅमेरा आडव्या रेषेपासून ३० अंश खाली. चौकटीचा मध्य मग तुमच्यापुढे साधारण १०० मीटरवर येतो. त्या अंतरावरून ठिकाणाला वळसा घाला आणि आठ दिशांनी थांबून थांबून फोटो घ्या. उन्हाकडे तोंड करून घेतलेली चित्रं आकर्षक नसतात, पण उंचवटे त्यांतच सगळ्यांत जास्त दिसतात. पावसाळ्यानंतर लगेच जाऊ नका, कंबरभर गवत असतं. जानेवारीनंतर ते वाळून बसतं.

दुसरी सरळ खाली बघणारी चित्रं, जोडून नकाशा करण्यासाठी. इथे सावल्या नकोत, म्हणून साडेदहा ते दीड, किंवा पातळ ढगांचा दिवस. १२ मेगापिक्सेलच्या नेहमीच्या छोट्या ड्रोनचा हिशेब असा:

- उंची ४० मीटर. एका फोटोत साधारण ५६ × ४२ मीटर जमीन.
- पुढच्या दिशेनं ७५ टक्के एकावर एक: दर १० मीटरला एक फोटो. ताशी १८ किमी म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेग ठेवला तर टायमर २ सेकंदांचा.
- शेजारच्या रांगेशी ७० टक्के: दोन रांगांत १७ मीटर अंतर.
- २०० × १५० मीटर जागेसाठी १० रांगा, साधारण २०० फोटो, वळणांसकट आठ-नऊ मिनिटं. एका बॅटरीत होतं.
- शटर १/१००० किंवा त्याहून जलद. १/२०० वर ड्रोन एका फोटोत अडीच सेंटिमीटर सरकतो आणि चित्र पुसट येतं.
- फोकस आणि व्हाइट बॅलन्स बांधून ठेवा, नाहीतर रांगेरांगेत रंग बदलतो.

उड्डाणाआधी फुल्यांचे चार फ्लेक्स जागेच्या चार कोपऱ्यांत पसरा, वर खडे ठेवा, आणि त्यांतल्या दोन जोड्यांमधलं अंतर टेपनं मोजून लिहा. ड्रोनचं जीपीएस काही मीटर चुकतं, उंचीत तर जास्तच. टेपच्या मापामुळे नकाशाचं प्रमाण तपासता येतं. संरक्षित जागी चुना टाकायचा नाही, म्हणूनच फ्लेक्स. जाताना उचलून आणा.

फोटो जोडायला वेबओडीएम हे सॉफ्टवेअर चालतं. २०० फोटोंना १६ जीबी मेमरीचा संगणक पुरतो, रात्री लावून झोपा. तलावाच्या पाण्यावरचे फोटो जुळत नाहीत, कारण पाण्यात पकडायला स्थिर खूण नसते. प्रत्येक चौकटीत निदान एक तृतीयांश जमीन राहील अशी रांग आखा.

डोंगरावर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पडद्यावरची उंची ही ड्रोन जिथून उडाला तिथपासूनची असते. रामटेकच्या गडासारख्या टेकडीवरून उडवून दरीकडे नेला तर पडद्यावर ६० मीटर आणि जमिनीपासून प्रत्यक्षात १२० च्या वर, म्हणजे नकळत नियमभंग. उलट पायथ्याहून उडवलात आणि परतीची उंची (आपोआप परत येताना ड्रोन गाठतो ती) ३० मीटर ठेवलीत तर संपर्क तुटल्यावर तो सरळ टेकडीवर आदळतो. सपाट जागी परतीची उंची सगळ्यांत उंच झाडापेक्षा किंवा टॉवरपेक्षा २० मीटर जास्त ठेवा. साधारण ६० पुरते. कोराडीकडच्या उच्चदाबाच्या वाहिन्यांजवळ तेही पुरत नाही, तिकडे फिरकूच नका.

काय बिघडतं

ऊन. बहुतेक छोट्या ड्रोनची मर्यादा ४० अंशांची आणि नागपूरचा मे ४५ च्या घरात. बॅटरी फुगते, मोबाइलचा पडदा काळा होतो, ॲप मध्येच बंद पडतं. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसातपर्यंत काम संपवा. बॅटऱ्या बंद गाडीत ठेवू नका. थर्मासच्या पिशवीत ठेवा, पण बर्फाला लावून नाही, बाहेर काढल्यावर दव धरतं. गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. आठवडाभर वापर नसेल तर ५० टक्क्यांवर ठेवा.

होकायंत्र. गच्चीच्या स्लॅबमध्ये लोखंडी सळया असतात, तिथून उडवला की होकायंत्र चुकतं आणि ड्रोन गोल गोल फिरत लांब जातो. गाडीचा बॉनेट आणि गटाराचं लोखंडी झाकणही तसंच. मोकळ्या मातीवर चटई टाका, दहापेक्षा जास्त उपग्रह लागू द्या, तीन मीटरवर अर्धा मिनिट स्थिर ठेवून बघा. सरकत असेल तर उतरवा.

घार. भांडेवाडीच्या कचरा डेपोच्या बाजूला तर ढिगानं असतात. घार वरून झडप घालते, म्हणून ती दिसली की ड्रोन खाली आणायचा नाही, सरळ वर न्यायचा. लांब गेली की उतरवा.

मांजा. डिसेंबरच्या शेवटापासून संक्रांतीनंतर आठवडाभर शहराच्या कडेला उडवूच नका. नायलॉन मांजावर बंदी असली तरी तो सापडतोच. पंख्यात गुंडाळला की मोटर त्याच क्षणी थांबते. संक्रांतीनंतर तारांना आणि झाडांना लोंबणारा मांजाही महिनाभर राहतो.

वारा. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, येताना वारा मागून हवा. ४० टक्के बॅटरीवर परत फिरा.

शहर आणि उत्सव: काठीवरचा कॅमेरा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत मारबत, म्हणजे वाईटाचं प्रतीक असलेला मोठा पुतळा, मिरवत निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत बडग्यांसह (पुरुषी पुतळ्यांसह) निघणारी ही मिरवणूक नागपूरखेरीज अशी कुठे दिसत नाही, आणि साहजिकच ड्रोनवाल्यांचा तिच्यावर डोळा असतो. पण अरुंद गल्ली, तारांचं जाळं, खाली हजारो डोकी आणि वरून कधीही येणारा पाऊस. गर्दीवर ड्रोन नाहीच उडवायचा. आयोजकांचं अधिकृत चित्रीकरण असेल तर ते हवाई नियंत्रण आणि पोलिसांच्या परवानगीनं होईल, ते हौशी माणसाचं काम नाही.

त्याऐवजी साडेचार-पाच मीटरची फायबरग्लासची घडीची काठी आणि तिच्या टोकावर दोनशे ग्रॅमच्या आतला ३६० अंशांचा कॅमेरा. ॲल्युमिनियमची काठी चुकूनही नको, तारेला लागली तर जीव जाईल. फायबरची काठीही ओली झाली की भरवशाची राहत नाही, म्हणून तारांपासून किमान तीन मीटर लांब, आणि पाऊस सुरू झाला की काठी खाली. कॅमेऱ्याला वेगळी दोरी बांधा, स्क्रू ढोलताशाच्या हादऱ्यानं सैल होतो. दोघं हवेत: एक काठी धरणारा, दुसरा फक्त वर बघणारा. नेहरू पुतळ्याजवळ दोन्ही मारबतींची भेट होते. तिथे एखाद्या ओळखीच्या घराची पहिल्या मजल्याची गॅलरी आदल्या दिवशी सांगून ठेवली तर काठीचीही गरज उरत नाही. काठी गांधी गेट उर्फ जुम्मा दरवाजालाही उपयोगी पडते. दरवाजाभोवती दोन उंचींवर, तीन-तीन पावलांवर फोटो घेत पूर्ण फेरी मारा, तेच फोटो वेबओडीएममध्ये टाकले की दरवाजाचं त्रिमितीय चित्र तयार होतं. रविवारी सकाळी सहाला, गाड्या लागायच्या आत.

हिरव्या पट्ट्यातल्या गावात पोळा टिपता येतो, मात्र बैलांच्या डोक्यावर जाऊ नका. ड्रोनच्या आवाजाला बैल बिचकतात, आणि तोरणाखाली सगळ्या जोड्या एकत्र उभ्या असताना एक बिचकला की पुढचं सांगायला नको. गावकऱ्यांना विचारून, ६० मीटर बाजूला आणि ५० मीटर वर थांबा.

नोंदी आणि प्रकाशन

फाइलला तारीख, गाव आणि उंची असं नाव त्याच दिवशी द्या. सोबत साध्या वहीत लिहा: वेळ, कॅमेऱ्याची दिशा, आकाश कसं होतं, पाणी किती होतं, गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी त्या जागेला काय नाव सांगितलं. हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं, कारण नकाशात ते नसतं. मूळ फोटो दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. जोडलेलं चित्र वेगळं ठेवा, मूळ पुसू नका.

अंगणं, गच्च्या, वाळत घातलेले कपडे, आंघोळीच्या जागा चित्रात आल्या तर तो भाग कापून किंवा धूसर करून मगच टाका. आणि संरक्षित यादीत नसलेली शिळावर्तुळं किंवा जुनी टेकाडं सापडली तर नेमकं ठिकाण इंटरनेटवर देऊ नका. गुप्तधनाच्या नादी लागलेली माणसं रात्रीतून खोदून जातात. फाइलमधली जीपीएस माहिती काढून टाका, लेखात फक्त तालुका लिहा, आणि पूर्ण माहिती पुरातत्त्व खात्याच्या नागपूर कार्यालयाला पत्रानं कळवून पोच घ्या.